जोडीदार निवडताना, सोबती निवडताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रविवारच्या वर्तमानपत्रात विवाहविषयक जाहिरातींचे एक पान असते. त्या पानाच्या कोपऱ्यात ‘ख्रिस्ती’ असा छोटा मथळा असलेला रकाना सापडतो. तो एकदा सावकाश वाचून पाहावा. मुलाची उंची, मुलीचा वर्ण, शिक्षण, पगार, स्वतःचा फ्लॅट, शासकीय नोकरी. मग पंथ, म्हणजे प्रोटेस्टंट की कॅथलिक. आणि जागा उरलीच तर शेवटी ‘देवभीरू’. मराठी ख्रिस्ती समाज लहान आणि विखुरलेला आहे. नगर, जालना, सोलापूर, कोल्हापूर, नागपूर, वसई, पुणे, मुंबई असे नातेवाइकांचे धागे ताणत ताणत स्थळे शोधावी लागतात. त्यामुळे जाहिरात देणाऱ्या आईबापांना हसण्यात अर्थ नाही. पण ‘देवभीरू’ हा शब्द शेवटी का येतो, याचा विचार करण्यासारखा आहे. तो शेवटी येतो, कारण तो मोजता येत नाही. पगाराची पावती दाखवता येते, पदवीची प्रत देता येते. पाळकांचे पत्रही मिळते. पण त्या पत्रात बाप्तिस्म्याची तारीख असते, स्वभाव नसतो.

मग मोजता न येणारी ही गोष्ट ओळखायची कशी? आणि लग्नाचा जोडीदार असो, धंद्यातला भागीदार असो की रोजचा मित्र, ख्रिस्ती माणसाने आपली जवळची माणसे कोणत्या कसोटीवर निवडावी?

या विषयावर आपल्या घरांतून एक वचन हमखास काढले जाते. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, सहाव्या अध्यायात, पौलाने जुवाची उपमा वापरली आहे. विश्वास ठेवणारा आणि न ठेवणारा अशी विजोड जोडी एका जुवाखाली जुंपू नये, असा त्याचा आशय. हे वचन लग्नाच्या बोलणीत एवढ्या वेळा ऐकू येते की ते लग्नासाठीच लिहिले आहे असे वाटावे. प्रत्यक्षात त्या परिच्छेदात लग्नाचा उल्लेखच नाही. तिथे भागीदारी, मेळ, वाटा अशा गोष्टींची भाषा आहे. करिंथ हे दोन बंदरांचे, व्यापाराचे शहर. तिथे धंदा करायचा म्हणजे देवळांतल्या मेजवान्या, आश्रयदाते, गट हे सारे आले. कोणाशी स्वतःला कायमचे बांधून घ्यायचे, हा पौलाचा प्रश्न होता, आणि तो लग्नाला तर लागू पडतोच, पण लग्नावर संपत नाही.

ही उपमा पौलाने मोशेच्या जुन्या नियमावरून घेतली असावी. अनुवाद या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नये, असा नियम आहे. शहरातल्या तरुणांना त्यातले मर्म कळायला जरा वेळ लागेल, शेतकऱ्याला लगेच कळते. बैल उंच, गाढव बुटके. जू तिरके बसते. बैलाची ढांग मोठी, गाढवाची लहान. एकाच्या मानेला घट्टा पडतो, दुसऱ्याची फरफट होते आणि तास वाकडे जाते. यात बैल श्रेष्ठ आणि गाढव हलके, असा न्याय कोणी दिलेला नाही. नियम दोघांच्याही दयेपोटी आहे. आपण मात्र हे वचन सांगताना नेमका तोच सूर लावतो, की आपण शुद्ध आणि समोरचा अशुद्ध. ते त्या उपमेत नाही. दोघांची चाल जुळते का आणि दोघांना एकाच बांधाकडे जायचे आहे का, एवढेच तिथे विचारले आहे.

याच पौलाने पहिल्या पत्रात आणखी एक खुलासा केला आहे, तो आपण फारसा वाचत नाही. वाईट लोकांची संगत धरू नका असे आपण लिहिले होते, त्याचा अर्थ जगातल्या सगळ्या लोकांशी संबंध तोडा असा नव्हे. तसे करायचे तर जगच सोडून जावे लागेल, असे तो पाचव्या अध्यायात म्हणतो. महाराष्ट्रात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला हे वेगळे सांगायला नको. आपले शेजारी हिंदू, मुसलमान, बौद्ध आहेत. दिवाळीचे ताट आपल्याकडे येते, नाताळचे ताट त्यांच्याकडे जाते. दवाखान्यात रात्री धावून येणारा माणूस बहुधा शेजारचाच असतो. असा शेजार तोडून ‘विश्वासू’ राहता येते असे जे कोणी तरुणांना शिकवतात, त्यांनी पौल अर्धाच वाचला आहे. शेजार वेगळा, जू वेगळे.

आता जू आधीच मानेवर असेल तर? म्हणजे लग्न झाल्यावर दोघांपैकी एकाचाच विश्वास बदलला तर? पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाचे उत्तर स्पष्ट आहे: दुसरा सोबत राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये. मराठी वाचकाला याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, लक्ष्मीबाईंचा १८६८ चा. लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आसपास होत्या. निवड दोघांचीही नव्हती, वडीलधाऱ्यांची होती. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले, आणि उतरताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती शास्त्राची प्रत ठेवली. प्रवासातली काही तासांची सोबत. पण एखाद्या सोबतीने माणसाची दिशा बदलते ती अशी. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना हे कळले तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. पुढची काही वर्षे त्या लहानग्या दत्तूला घेऊन वेगळ्या राहिल्या. बहिणीने आणि मेहुण्यांनी त्यांना सांभाळले.

इथे थांबून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. टिळकांच्या भोवतालच्या लोकांना दुसरा मार्ग सोपा वाटला असता: मागचे मागे, आता नवा धर्म, नवा संसार. टिळकांनी तसे केले नाही. त्यांनी पत्रे लिहिली, वाट पाहिली. लक्ष्मीबाई परत आल्या त्याही आपल्या अटींवर आल्या. सोवळे त्यांचे, चूल त्यांची वेगळी. टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्मा लादला नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनी तो स्वतःच्या मनाने घेतला, आणि मी तर म्हणेन की वडीलधाऱ्यांनी लावून दिलेल्या त्या लग्नातली बाईंची स्वतःची निवड तेव्हा झाली. टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ बाईंनी पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हेही ठाऊक असते की टिळक हा सोपा नवरा नव्हता. हातचे दुसऱ्याला देऊन मोकळे होणारा, रागीट, घरी सांगायचे विसरणारा माणूस. दोघांचा विश्वास एक झाला म्हणून स्वभाव एक झाले नाहीत. ‘ख्रिस्ती मुलगा आहे ना, मग झाले’ असे म्हणणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे.

पंडिता रमाबाईंनी त्या काळात स्वतःचा जोडीदार स्वतः निवडला. १८८० साली त्यांनी बंगालमधले वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी, जातीची भिंत ओलांडून, नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते त्यांच्या भावाचे मित्र होते. संसार दीड वर्षाच्या आसपास टिकला. १८८२ मध्ये पटकीने मेधावी गेले. त्या अल्पकाळातही ख्रिस्ती धर्माकडे रमाबाईंचे मन ओढ घेऊ लागले तेव्हा मेधावींना ते रुचले नव्हते. म्हणजे प्रेमविवाहातही हा प्रश्न घरात येऊन उभा राहतोच. तो लग्नाआधी बोलून घेतलेला बरा.

बोलून घ्यायचे म्हणजे काय? उत्पत्तीच्या पुस्तकात चोविसाव्या अध्यायात इसहाकासाठी मुलगी पाहायला गेलेल्या सेवकाची गोष्ट आहे. आपल्याकडच्या लग्नांत तिच्यावर प्रवचने होतात आणि बहुतेक वेळा भर त्याच्या प्रार्थनेवर असतो. मला त्याची परीक्षा जास्त महत्त्वाची वाटते. त्याने ठरवले काय, तर मी पाणी मागेन, आणि जी मुलगी मला तर देईलच, पण न सांगता माझ्या उंटांनाही पाजीन म्हणेल, ती. उंट होते दहा. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. निम्मे धरले तरी पाचशे लिटर. झऱ्यापर्यंत खाली उतरायचे, घागर भरायची, वर येऊन डोणीत ओतायची, पुन्हा उतरायचे. हे एक-दोन खेपांचे काम नव्हे. आणि हा परका माणूस तेवढा वेळ काही न बोलता नुसता पाहत उभा होता. दागिने त्याने नंतर काढले. रिबेकेचे रूप, घराणे हे सगळे त्या गोष्टीत आहे. पण निवड झाली ती अनोळखी माणसाशी आणि मुक्या जनावरांशी ती कशी वागली यावरून, आणि तेही आपल्याला कोणी पारखत आहे हे तिला ठाऊक नसताना.

आपल्या पाहण्याच्या कार्यक्रमात नेमके उलटे असते. पोहे, चहा, नवी साडी, इस्त्रीचा शर्ट, आणि दोघांनाही पक्के ठाऊक की आज परीक्षा आहे. तिथे कोण वाईट वागणार? मुलगा कसा आहे हे पाहायचे तर गाडी दोन तास उशिरा आल्यावर तो काय करतो ते पाहावे. हॉटेलात पाणी सांडणाऱ्या पोऱ्याशी तो कसा बोलतो, घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना तो काय म्हणून हाक मारतो, आईने एखाद्या गोष्टीला नाही म्हटले तर त्याचा चेहरा कसा होतो. मुलीच्या बाबतीतही हेच. बवाजाने रूथला पाहिले ते शेतात, कापणीच्या वेळी, आणि ती कोण हे त्याने आधी आपल्या मुकादमाला विचारले. तिने सासूसाठी काय केले ते साऱ्या गावाला माहीत होते. ज्या माणसाबद्दल त्याच्या गल्लीतले कोणीच काही सांगायला तयार नसते, तिथे आपण जरा थांबावे.

आणखी एक. रिबेकेच्या घरच्यांनी शेवटी तिला बोलावून, या माणसाबरोबर जातेस का, असे विचारले आणि तिने हो म्हटले, मग ती निघाली. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या घरात मुलीला विचारले गेले. आपल्यातल्या कित्येक शिकलेल्या घरांत आजही ‘तिला काय विचारायचे, तिला पसंतच आहे’ असे बैठकीतच परस्पर सांगून टाकले जाते.

पण एवढी पारख करून, प्रार्थना करून झालेले हे लग्न पुढे कसे गेले? इसहाकाचा लाडका एसाव, रिबेकेचा लाडका याकोब. घराची दोन घरे झाली, आणि म्हाताऱ्या, दिसत नसलेल्या नवऱ्याला फसवण्याचा बेत रिबेकेनेच रचला. शास्त्र हे लपवत नाही. चांगली निवड ही सुरुवात असते, विमा नव्हे.

याच गोष्टीचा आपल्याकडे एक गैरवापरही होतो. अब्राहामाने आपल्याच लोकांतली मुलगी आणायला सांगितली, हे दाखवून पूर्वजांची जात जपली जाते. जाहिरातीत जात छापत नाहीत, पण पहिल्या फोनवर आजोबांचे गाव आणि मूळ आडनाव विचारले जाते ते कशासाठी, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही कळते. वसईकडे सामवेदी, वाडवळ, कोळी अशा ख्रिस्ती समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यातच सोयरिकी केल्या. घाटावर हीच गोष्ट वेगळ्या नावांनी चालली. आता पोरे एकत्र शिकतात, एकत्र नोकरी करतात आणि हे बदलते आहे. पण हुंडा ‘भेट’ या नावाने आणि जात ‘संस्कार जुळत नाहीत’ या नावाने अजून चर्चच्या दारातून आत येते. विश्वास एक हवा असा आग्रह धरायचा आणि विश्वास एक असलेल्या स्थळाला जातीवरून नाही म्हणायचे, याला मी तरी ढोंगच म्हणेन.

आता सोबत्यांविषयी. करिंथच्या पहिल्या पत्रात, पंधराव्या अध्यायात, वाईट संगतीबद्दलचे एक वचन आहे. ते मिनँडर या ग्रीक नाटककाराचे मानले जाते. पौलाने लोकांच्या तोंडी असलेले वाक्य उचलले. त्याने मराठीत लिहिले असते तर कदाचित ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याची म्हण घेतली असती. वाण नाही पण गुण लागतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याने गोठ्यात पाहूनच ठरवले आहे.

मात्र वाईट सोबती म्हणजे दारू पाजणारा, एवढीच आपली कल्पना असते. शास्त्रातले वाईट सोबती याहून सभ्य आहेत. दाविदाचा मुलगा अम्नोन याचा मित्र योनादाब हा फार हुशार माणूस होता असे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात लिहिले आहे. अम्नोनाच्या मनात पाप होते, पण वाट सापडत नव्हती; ती योनादाबाने दाखवली. परिणाम तामारने भोगला, आणि पुढे अम्नोनही मारला गेला. शलमोनाच्या मुलाचे, रहबामाचे, उदाहरण वेगळे. राज्यावर बसताच लोकांनी कामाचे ओझे हलके करायची विनंती केली. वडिलांच्या वेळच्या वृद्धांनी त्याला नमते घ्यायला सांगितले. मग त्याने आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांना विचारले आणि त्यांनी त्याला जे ऐकायचे होते ते सांगितले. बारा वंशांपैकी दहा वंश तुटून गेले. ही मुले काही व्यसनी नव्हती. ती फक्त त्याच्याच वयाची, त्याच्याच वाड्यात वाढलेली, त्याला कधी नाही न म्हटलेली होती.

याच्या उलट प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला. रोममधून हाकललेले हे तंबू शिवणारे जोडपे करिंथला आले. पौल त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. पुढे इफिसात अपुल्लोस नावाचा मोठा वक्ता आला. त्याच्या शिकवणीत उणीव होती. या दोघांनी त्याला सभेत उभे राहून टोकले नाही, जवळ घेतले आणि नीट समजावून सांगितले. आपल्या चुका चारचौघांत न सांगता पण आपल्याला सांगणारच, असा एखादा माणूस प्रत्येकाला हवा. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींना मी हेच सांगतो: तुमच्या प्रार्थनागटात किती जण आहेत ते मला सांगू नका, तुम्ही कर्ज काढून गाडी घ्यायला निघालात, किंवा चार भेटींत लग्न ठरवलेत, तर तुम्हाला थांबवणारा त्यांत कोणी आहे का ते सांगा.

लग्नाच्या बाबतीत अशा थांबवणाऱ्यासाठी आपल्या मंडळीने एक रीतच करून ठेवली आहे. तिला आपण बॅन्स म्हणतो. तीन रविवारी उपासनेत दोघांची नावे पुकारतात आणि कोणाला अडचण ठाऊक असेल तर कळवा असे सांगतात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातही लग्नाची आगाऊ लेखी सूचना पाळकांकडे देण्याची आणि ती चर्चमध्ये लावण्याची तरतूद आहे. रीत जुनी आहे, पण ती ऐकताना आपण काय करतो? नव्या नवरीचे नाव ऐकून मागे वळून पाहतो. मुलगा रोज पितो हे ज्याला ठाऊक असते, त्याचे पहिले लग्न मोडले आहे किंवा त्याचा मोठा आजार लपवला आहे हे ज्याला ठाऊक असते, तो ‘कशाला कोणाच्या शुभकार्यात मोडता घालायचा’ म्हणून गप्प बसतो. वर्षभराने तीच मुलगी माहेरी आली की तोच माणूस ‘मला आधीच माहीत होते’ म्हणतो. सगळ्यांसमोर बोलायची गरज नाही. पाळकांच्या घरी जाऊन पाच मिनिटे बोलले तरी पुरते. अफवा मात्र नको. स्वतः पाहिलेले तेवढेच सांगावे.

गप्प राहण्याची किंमत एके काळी फारच मोठी होती. १८६९ च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा त्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसती मारझोड पुरेशी नव्हती. २००१ साली संसदेने हा कायदा बदलला, कारणे दोघांना सारखी केली आणि परस्परसंमतीची वाटही दिली. दार उघडले हे बरे झाले. पण त्या दारापर्यंत पोहोचताना कोर्टाच्या खेपा, मुले, माहेरच्यांची तोंडे हे सगळे अजून आहेच.

मिश्रविवाहाबद्दल तरुण नेहमी विचारतात, तेव्हा थोडक्यात सांगतो. दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी १८७२ च्या कायद्याने लग्न लागू शकते. आपापला धर्म ठेवून नोंदणी करायची तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते. कॅथलिक धर्मसभेत बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला बिशपांची खास परवानगी घ्यावी लागते आणि कॅथलिक व्यक्तीला आपला विश्वास जपण्याचे वचन द्यावे लागते. लग्नापुरता बाप्तिस्मा मात्र कोणी घेऊ नये, कोणी देऊ नये. मुलाला हॉल मिळावा, मुलीच्या आत्याने रुसू नये म्हणून घेतलेल्या बाप्तिस्म्याने कोणाचेच समाधान होत नाही. मुलांची नावे, सणवार, मृत्यूनंतरचे संस्कार, रविवारी कोण कुठे जाणार, हे प्रश्न लग्नाआधी कागदावर लिहून दोघांनी एकमेकांसमोर बसून बोलावे. उत्तरे वेगळी आली तर निदान कळलेले तरी असते.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट, जी पुष्कळांना ठाऊक नसते. कॅथलिक पद्धतीत लग्नाआधी धर्मगुरू वधू आणि वर यांना वेगवेगळे बसवून काही प्रश्न विचारतात आणि उत्तरांवर सही घेतात. स्वतःच्या मर्जीने आला आहात का, कोणी दडपण आणले आहे का, काही लपवले आहे का. जबरदस्तीने किंवा मोठी गोष्ट लपवून झालेले लग्न धर्मसभेच्या १९८३ च्या संहितेप्रमाणे रद्दबातल ठरू शकते, म्हणून हे विचारणे आहे. इतर मंडळ्यांचे पाळकही लग्नाआधी दोघांशी बोलतात, पण अनेकदा ते बोलणे दिवाणखान्यात, दोन्हीकडच्या मावश्या-काकूंच्या देखत, चहाचे कप फिरत असताना होते. तिथे मुलगी ‘हो’ सोडून दुसरे काय म्हणणार? पाळकांनी तिला वेगळी वेळ द्यावी, दार उघडे ठेवून पण माणसे बाहेर बसवून. आणि वडिलांनी, निदान त्या अर्ध्या तासापुरते, अंगणात जाऊन बसावे.